ओव्याचे गुण आणि मर्यादा

मसाल्याच्या डब्यात जिऱ्यामोहरीला हक्काची वाटी असते. ओवा मात्र बहुधा फडताळातील एखाद्या डबीत पडून असतो. भजी, शेव, थालीपीठ किंवा वालाची उसळ करावयाची असली म्हणजे त्याची आठवण होते, किंवा घरात कोणाचे पोट दुखू लागले म्हणजे.

धने, जिरे, बडीशेप यांच्याच कुळातील ही वनस्पती. ज्यास ओव्याचे बी म्हणतात ते वस्तुतः तिचे वाळलेले फळ होय. त्याच्या अंगात सूक्ष्म तैलनलिका असतात व त्यांत साधारणतः शेकडा २ ते ४ इतके उडनशील तेल असते. थायमॉल हा त्या तेलाचा प्रमुख घटक. गृहिणी ओवा तळहातावर चोळून पिठात घालते तो यासाठीच; चोळल्याने नलिका फुटतात आणि गंध मोकळा होतो. दळून महिनोन्‌महिने ठेवलेल्या ओव्यात गंध उरत नाही, म्हणून तो अखंडच व घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. (परसातील जाड पानांच्या ज्या झुडपाची भजी करतात तो पानओवा निराळा, तुळशीच्या कुळातला. वास सारखा म्हणून नावही तेच पडले.)

थायमॉल पाण्यात अल्पच विरघळते, तेलात सहज. तळणीत ओवा खुलतो त्याचे रहस्य हेच. परंतु याच गुणाची दुसरी बाजू वैद्यकाच्या इतिहासात दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातून ओवा जर्मनीस जाई, तेथे त्यातून थायमॉल काढीत. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि हा व्यापार खंडित झाला. अंकुशकृमींवर त्या काळी थायमॉल हे प्रमुख औषध होते. मात्र ते दिलेल्या रोग्यास तेल, तूप व मद्य वर्ज्य असे, कारण त्यांत विरघळून ते अंगात भिनण्याची भीती होती. पुढे अधिक निर्धोक औषधे आली व हा उपचार मागे पडला.

दुकानात ‘ओव्याचे फूल’ म्हणून जे स्फटिक मिळतात ते म्हणजे हेच थायमॉल. जेवणानंतर चिमूटभर ओवा चघळणे वेगळे आणि हे स्फटिक अंदाजाने तान्ह्या मुलास चाटविणे वेगळे. दुसरी गोष्ट कोणास बोचणे शक्य आहे, तरी सांगावयास हवी. बाळंतिणीच्या खोलीत दारेखिडक्या लावून ओव्याची धुरी देण्याची चाल अद्याप काही घरांतून आढळते. निखाऱ्यांचा धूर ओव्याच्या वासाने निरुपद्रवी होत नाही. नवजात बालकाच्या कोवळ्या फुप्फुसांस तो अपायकारकच असतो. बाळंतिणीस ओवा द्यावयाचा तर तो जेवणात घालावा, शेगडीवर नव्हे. आणि बाळास धाप लागली अथवा ते दूध ओढीनासे झाले, तर धुरीत वेळ न दवडता त्यास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.