करवत आपल्याकडे येते तेव्हा



धान घरी आलं की चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या सावली तालुक्यात लग्नसराईचे वेध लागतात आणि सुतारांचे हात कामाला जुंपतात. दिवाण, आलमारी, दाराच्या चौकटी. साग या मुलखाचाच. मार्च 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं तेही याच जिल्ह्यातल्या बल्लारपूरहून. त्याच सागाच्या पाट्या घरच्या सपरीत ज्या मशीनवर कापल्या जातात, तिच्याबद्दल आज मला बोलायचं आहे. गोल लाकूड चिरणं हे परवान्याच्या आरा मशीनचं काम, ते इथे बाजूला ठेवतो.

बहुतेक सुतारांकडे टेबलातून वर आलेलं ब्लेड असतं आणि लाकूड त्यावर ढकलतात. जुन्या यंत्रांच्या बाजारात कधी कधी दुसऱ्या तऱ्हेची मशीन मिळते, रेडियल आर्म सॉ. मागे लोखंडी खांब, त्यावरून टेबलावर आडवा आलेला दांडा आणि दांड्याखाली पुढे-मागे सरकणारी मोटर न् ब्लेड. इथे लाकूड जागेवर राहतं आणि करवत आपण ओढायची. अमेरिकेत एका लाकूड कारखान्याची देखरेख करणाऱ्या रेमंड डीवॉल्ट यांनी 1922 च्या सुमारास ती तयार केली. आज ड्रिल मशीनवर दिसतं ते डीवॉल्ट नाव त्यांचंच.

ही मशीन भराभर कापते, आणि ज्यामुळे कापते त्यातच तिचा धोका आहे. ब्लेडचे खालचे दात आपल्यापासून दूर, लाकूड जिला टेकवतो त्या मागच्या पट्टीकडे धावत असतात. ते लाकूड पट्टीवर दाबून धरतात, हे चांगलंच. पण लाकूड तिथे अडलं की तोच जोर उलटून मोटरवर येतो आणि अख्खी करवत आपल्या अंगावर चालून येऊ पाहते. म्हणून ओढायची म्हटलं तरी खरं काम तिला आवरण्याचं आहे. कोपर ताठ ठेवा आणि तिला हळूहळू पुढे येऊ द्या. दुसरा हात ब्लेडच्या रेषेपासून निदान सहा इंच दूर, आणि एक हात दुसऱ्यावरून आडवा कधीच नको. कापून झालं की करवत मागे पट्टीपलीकडे नेऊन ठेवा, मगच लाकडाला हात लावा. दांडा मागच्या बाजूला किंचित उतरता बसवला, तर सुटलेली करवत आपोआप मागे राहते. बसवताना एवढं बघून घ्याच.

वेगाचा हिशेब सांगतो. दहा इंची ब्लेड मिनिटाला 2,880 फेरे घेत असेल, तर त्याचे दात ताशी सुमारे 138 किलोमीटरने पळतात. काही चुकतंय हे कळून हात मागे घ्यायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो म्हणा. तेवढ्यात दात साडेसात मीटर गेलेले असतात. मी चपळ आहे, हात काढून घेईन, हा भरवसा इथे कामाचा नाही.

ब्लेड निवडताना दातांचा कल बघा. पुढे झुकलेले दात लाकडात चढतात आणि करवत जास्त जोराने अंगावर येते. या मशीनला कल शून्य अंश किंवा उणे पाच अंशांपर्यंतचा हवा. सागात सिलिका असते, म्हणजे वाळूतलंच द्रव्य, त्यामुळे साध्या पोलादाची धार लवकर जाते. कार्बाइडचे दात घ्या. बोथट ब्लेड अडकतं, मग माणूस जोर लावतो, आणि हात घसरतात ते अशाच वेळी.

जुनी मशीन घेताना ब्लेडवरचं झाकण आहे का ते आधी बघा. पुष्कळदा ते काढून फेकलेलं असतं. अमेरिकेत 1958 ते 1992 दरम्यान विकल्या गेलेल्या क्राफ्ट्समन नावाच्या सुमारे 37 लाख मशीनबाबत 2000 साली परत बोलावण्याची घोषणा झाली, कारण त्यांचं झाकण पूर्ण ब्लेड झाकत नव्हतं.

आता आपल्या गावांतली गोष्ट. काम चालू असताना लाईन जाते, आपण बटण बंद करायला विसरतो, चहाला जातो. लाईन येते आणि ब्लेड सुरू होतं, तेव्हा समोर लेकरू असू शकतं. शेतातल्या पंपाला जसा स्टार्टर असतो, लाईन गेली की पडणारा आणि परत बटण दाबल्याशिवाय न उठणारा, तसाच या मोटरला हवा. पंपावर रात्रीच्या लाईनसाठी आपण जो ऑटो लावतो, तो करवतीला चुकूनही लावू नका. काम संपलं की प्लग काढा. ब्लेड बदलतानाही आधी प्लग.

लांब पाटी उभी चिरायची असेल, तर माझं ठाम मत आहे, ते काम या मशीनवर करूच नका. उलट्या बाजूने लाकूड घातलं गेलं, तर ब्लेड ते हिसकावून समोर फेकतं, आणि हातही सोबत ओढला जाऊ शकतो. टेबलाच्या करवतीवर ते काम बरं होतं. ब्लेड लागेल अशी गाठ किंवा खिळा आधी शोधून काढा. गळ्यातला दुपट्टा, मनगटातला दोरा, हातमोजे हे सगळं बाजूला. चष्मा आणि नाकावर मास्क मात्र हवाच, कारण लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1995 मध्ये कर्करोगकारक ठरवलं आहे.

आणि इतकं करूनही बोट कापलं गेलं, तर? आधी प्लग काढा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा, 108 ला फोन लावा. तुटलेला भाग धुवत बसू नका. ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवी बर्फावर ठेवा, बोट थेट बर्फाला लागू देऊ नका. बोट जोडण्याची सोय मोठ्या शहरातच असते आणि सावलीहून नागपूर काही तासांच्या अंतरावर आहे, म्हणून आधी गडचिरोली की चंद्रपूर असा वाद घालत वेळ घालवू नका, 108 च्या डॉक्टरांनाच विचारा. पिशवीवर किती वाजता कापलं ते लिहून ठेवा. डॉक्टरांना ती वेळ लागते.