कागदावरचे घर आणि पेठेतली इमारत



विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की चूल कोणत्या दिशेला मांडावी आणि तिजोरी कोणत्या कोपऱ्यात ठेवावी, यावर आज काही ऐकायला मिळेल. त्यांची थोडी निराशा होणार आहे. मी बोलणार आहे ते वास्तुकला शिकणाऱ्या एका मुलाच्या नकाशांविषयी. मुलगा आंबेगाव तालुक्यातल्या पेठचा. मध्यंतरी तो कागदांची भली मोठी गुंडाळी बगलेत मारून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, एकदा बघा आणि खरे काय ते सांगा." खरे सांगा म्हणणारा विद्यार्थी अलीकडे विरळाच, म्हणून मी दुपारभर ते कागद पाहत बसलो.

या नकाशांतली एकही इमारत बांधली जायची नाही. त्यांना संकल्पचित्रे म्हणतात. तालमीत पोरे जोर काढतात, तसाच हा प्रकार; त्यात कुस्ती कोणी मारत नाही, पण पुढे फडात उतरल्यावर त्याच जोरांवर निभावते. तेव्हा कागदावरच्या चुकीला हसू नये, हे मला मान्य आहे. मात्र ती चूक तिथेच सापडली पाहिजे. विटेत बांधलेली चूक तीन पिढ्या अंगावर घेतात.

पहिला नकाशा घराचा होता. दिवाणखाना, तीन शयनगृहे, आणि पश्चिमेच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत काच. चित्र म्हणून देखणे होते. चैत्रातल्या दुपारी चार वाजता त्या दिवाणखान्यात कोण बसणार, हे मी विचारले नाही. मी विचारले, "तुमच्या घरी बटाटे कुठे ठेवता रे?"

"पडवीत, सर."

"मग इथे पडवी कुठे आहे?"

तो मोकळेपणाने हसला. सातगाव पठार हा पावसाळी बटाट्याचा मुलूख आणि पेठ त्यातले मोठे गाव. ऐन जूनमध्ये मंचरहून आणलेल्या बियाण्याच्या गोण्या कोरड्या, वाऱ्याच्या जागी ठेवाव्या लागतात. ज्या पोराचे शिक्षण बटाट्यावर झाले, त्याच्याच नकाशात बटाट्याला जागा नव्हती! हा दोष त्याचा एकट्याचा नव्हे. आपण घर म्हणजे झोपण्याचे आणि पाहुणे बसवण्याचे ठिकाण असे धरून चालतो. जुन्या घरातली ओसरी, पडवी, माजघर, परसू यांना नावे मिळाली ती तिथे चालणाऱ्या कामांवरून आणि वावरावरून. काम विसरले की नुसत्या खोल्या उरतात.

दुसरा नकाशा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पुणे-नाशिक रस्त्यालगत तीन मजली इमारत: खाली दुकाने, मधल्या मजल्यावर दवाखाना आणि भाड्याच्या खोल्या, वर मालकाचे बिऱ्हाड. याला हल्ली संमिश्र वापराची इमारत म्हणतात. नाव नवे आहे. आपल्याकडे पेठ या शब्दाचा अर्थच मुळी तो! पुण्याच्या रविवार पेठेत रस्त्याच्या अंगाला दुकान, आत चौक, वर माणसे, हा प्रकार पिढ्यान् पिढ्या चालला. नाणेघाटातून जुन्नरला माल चढत होता, तेव्हापासून या बाजूला व्यापार आणि बिऱ्हाड शेजारी नांदत आले आहेत.

ही दोन्ही वेगळी करण्याची कल्पना विलायतेहून आली. 1933 साली युरोपातल्या आधुनिक वास्तुविशारदांच्या परिषदेत असा विचार मांडला गेला की राहणे एकीकडे, कारखाने दुसरीकडे, करमणूक तिसरीकडे आणि मध्ये रस्ते. धुराने काळवंडलेल्या शहरांना त्यात दिलासा होता, हे नाकारून चालणार नाही. पण त्या विचाराचे मोठे पुरस्कर्ते ल कॉर्बुझिए यांनीच मार्सेय येथे 1952 साली पुरी झालेली 337 घरांची इमारत उभारली, तेव्हा तिच्या पोटात, सातव्या-आठव्या मजल्यावर, बाजाराची गल्ली घातली. म्हणजे पेठ दाराने बाहेर घालवली आणि खिडकीतून आत घेतली. ती गल्ली त्यांना अपेक्षित होती तशी कधी भरभराटली नाही. आमच्या पेठेतला कोणीही वाणी त्यांना सांगू शकला असता की वाटसरू मिरचीसाठी सात जिने चढत नाही.

आता जिन्याविषयी. या मुलाने जिना दुकानांच्या मागे घेतला होता, कारण पुढची जागा मोलाची. हिशेब बरोबर. परंतु त्यामुळे घरच्या सुनेला, शाळेतून येणाऱ्या पोराला, आजारी सासऱ्याला दुकानातली पोती आणि गिऱ्हाईक ओलांडून वर जावे लागत होते. आणि यापेक्षाही मोठा प्रश्न मी त्याला विचारला: "तुम्ही भाऊ किती?" दोघे. "मग वाटणी कशी होणार?"

यावर तो गप्प झाला. सभ्य गृहस्थहो, हा प्रश्न कोणत्याही परीक्षेत विचारला जात नाही, आणि आपल्या गावांतली निम्मी भांडणे तिथूनच निघतात, असे मला वाटते. खालच्या दुकानाचे मोल आणि वरच्या बिऱ्हाडाचे मोल सारखे नसते. एकाला खालचा मजला गेला, दुसऱ्याला वरचा, आणि जिना एकाच्या हद्दीत, की कोर्टाची पायरी आलीच. जिना बाजूला, सरळ रस्त्यावर उतरणारा ठेवला आणि इमारत उभी दोन भागांत विभागता येईल अशी आखली, तर दोघांना खाली-वर दोन्ही मिळते. त्यात दुकानाच्या तोंडाचे काही फूट जातात. मी म्हटले, ते खुशाल जाऊ द्यावे. तो म्हणाला, वडील कबूल होणार नाहीत. कागदावरच्या इमारतीसाठी घरात वाद झाला, हे त्याने मला नंतर सांगितले! मला तर ही त्या नकाशाची सर्वांत मोठी परीक्षा वाटते.

रस्त्याचेही तसेच. ज्या रस्त्याकडे तोंड करून आपण दुकान बांधतो, तो आपला नसतो. नारायणगावला आणि मंचरला बाह्यवळणे झाली आणि लांबचा वाटसरू गावाबाहेरून जाऊ लागला. रस्ता उठून गेला, तरी त्या गाळ्याचे कोठार किंवा राहती खोली करता यावी, एवढी उंची, उजेड आणि मागचे दार त्यात हवेच.

जमिनीच्या उताराविषयी फार बोलत नाही. याच तालुक्यात 30 जुलै 2014 रोजी माळीण डोंगराखाली गेले; दीडशेच्या आसपास माणसे गेली. नवी वस्ती 2017 साली आमडे येथे झाली. नकाशावरच्या उंचीच्या रेषा या मुलाने नीट काढल्या होत्या. पाणी कोणीकडे वाहते, हे मात्र आम्ही दोघांनी बसून दाखवले.

तिसरा नकाशा त्याने या बोलण्यानंतर केला. त्याला आधार घेतला बाळकृष्ण दोशी यांच्या इंदूरमधल्या अरण्य वसाहतीचा. दोशींचा जन्म पुण्याचा, 1927 चा. घरचा धंदा लाकडी सामानाचा. तरुणपणी ते त्याच कॉर्बुझिएंच्या हाताखाली पॅरिसला राहिले आणि 2018 साली त्यांना प्रिट्झकर पारितोषिक मिळाले. अरण्यमध्ये गरीब कुटुंबाला पुरे घर दिले नव्हते. जोते, नळ, संडास, फार तर एक खोली एवढे देऊन बाकीचे ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे होते. काहींनी पुढे दुकानही काढले. या मुलाच्या नव्या घरात आधी जोते, एक खोली, बाहेरून जिना आणि रुंद पडवी आहे. दुकान पाचव्या वर्षी, दुसरे बिऱ्हाड धाकट्या भावाच्या लग्नाच्या वेळी. खर्चाचा अंदाज मला अजून कमी धरलेला वाटतो.

हे तिन्ही कागद मागच्या टेबलावर मांडून ठेवले आहेत आणि मुलगाही तिथेच उभा आहे. पेठ, मंचर, घोडेगावकडची जी मंडळी आज आली आहेत, त्यांनी जाताना ते जरूर पाहावेत. शेजारी पेन्सिल ठेवली आहे. भगिनींनी विशेषतः स्वयंपाकघराचे दार पाहावे. ते मला चुकीच्या बाजूला वाटते, पण तो ऐकत नाही.