उंदीर पडू लागतात तेव्हा



तुम्हाला काय येतं, ते आज मिळणाऱ्या तुमच्या पदवीवर लिहिलेलं आहे. ते माणसांना मुळात कळलं कसं, याची नोंद तिच्यावर नसते. आज मी त्याबद्दल बोलणार आहे, आणि त्यासाठी मुंबईच्या प्लेगची हकीकत निवडली आहे. एखादी गोष्ट कळणं किती जणांच्या हातून आणि किती अडखळत घडतं, हे दाखवणारं याहून चांगलं उदाहरण आपल्या भागात मला माहीत नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. जंतू तेव्हा माहीत झाला होता. अलेक्झांडर यर्सां यांनी तो दोन वर्षं आधी हाँगकाँगमध्ये शोधला होता. तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे मात्र कळलेलं नव्हतं. सरकारने गृहीत धरलं: घाण, कोंदट घरं आणि आजाऱ्याचा संसर्ग. मग घरांच्या झडत्या झाल्या, जमिनी कार्बोलिकने धुतल्या गेल्या, अंथरुणं जाळली, कौलं उतरवली, धडधाकट माणसंही कँपात नेऊन ठेवली.  याच साथीत पुण्यात रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या.

खेड्यापाड्यांत लोकांनी एक गोष्ट हेरून ठेवली होती. घरात उंदीर मरून पडायला लागले की थांबायचं नाही, बिऱ्हाड उचलायचं आणि माळावर झोपडी घालून राहायचं. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरांतही हीच रीत होती आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज डॉक्टरांनी ती लिहूनही ठेवली होती. या रीतीने जीव वाचत. पण उंदीर आणि ताप यांच्या मधली कडी गावालाही दिसत नव्हती, म्हणून त्याच गावांत नवस बोलले जात आणि प्लेगच्या लसीबद्दल भलभलत्या अफवाही उठत. लोकांना काहीच कळत नव्हतं म्हणणारे आणि त्यांना सगळं ठाऊक होतं म्हणणारे, दोघांचंही मला पटत नाही.

ती कडी पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी पकडली. कोण आजारी पडतं आणि कोण पडत नाही, याची ते बारकाईने चौकशी करत. लोकरीच्या एका कारखान्यात सकाळी मेलेले उंदीर सापडले. २० मजुरांना ते उचलायला लावलं, आणि तीन दिवसांत त्यांतल्या १० जणांना प्लेग झाला. बाकी कामगारांपैकी एकालाही नाही. मरून बराच वेळ झालेला, गार पडलेला उंदीर मात्र कुणाला बाधत नसे. म्हणजे उंदीर मेल्यावर त्याच्या अंगावरून काहीतरी निघून जात होतं. शिवाय काही रुग्णांच्या अंगावर त्यांना बारीकसा फोड दिसला होता, आणि त्यात जंतू होते.

२ जून १८९८ ला कराचीत त्यांनी एका मोठ्या काचपात्रात प्लेगने आजारी, पिसवांनी भरलेला उंदीर ठेवला. तो मरायला टेकल्यावर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर आत सोडला. दोघांचा स्पर्श होणार नाही, पण पिसू उडी मारून जाऊ शकेल, एवढंच अंतर. काही दिवसांत दुसराही प्लेगने मेला. पिसवा नसलेल्या आजारी उंदराजवळ ठेवलेल्याला काही झालं नाही. मला या शेवटच्या उंदराचं मोल अधिक वाटतं. आपलं म्हणणं खोटं असतं तर कुठे उघडं पडलं असतं, ती जागा सिमोंनी स्वतः तयार केली होती.

तरीही त्यांचं म्हणणं सरकारच्या प्लेग कमिशनने मानलं नाही. त्या मंडळींना मूर्ख ठरवून मोकळं होऊ नका. इतरांना हा प्रयोग साधला नव्हता, आणि युरोपातल्या उंदरांवरची पिसू माणसाला सहसा चावत नाही, हा आक्षेप तिथल्यापुरता खराही होता. मुंबईच्या उंदरांवरची पिसू वेगळ्या जातीची निघाली.

ती माणसांकडेही वळते, हे कळलं एका चाळीमुळे. १९०३ च्या एप्रिलमध्ये मुंबईतल्या एका चाळीत उंदीर पटापट मेले आणि मग मरायचे थांबले. थोड्याच दिवसांत पिसवांनी लोकांना इतकं हैराण केलं, की ते खोल्या सोडून बाहेर व्हरांड्यात निजू लागले. त्यानंतर चाळीत प्लेग आला. डॉ. ग्लेन लिस्टन यांनी तिथल्या माणसांच्या अंगावरच्या ३० पिसवा तपासल्या. त्यांतल्या १४ उंदरांच्या होत्या. खाद्य मेलं म्हणून त्या माणसांकडे वळल्या होत्या.

या चाळकऱ्यांना प्लेगबद्दल शास्त्र काय म्हणतं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पिसवा कधी वाढल्या, हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगू शकत नव्हतं. न्यायदर्शन या जुन्या भारतीय तर्कपरंपरेत शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं, हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानलं आहे. असा माणूस कोण? ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी जो सांगू इच्छितो, तो. ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सगळ्यांना सारखीच लागू आहे, असं वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात म्हटलं आहे. आपल्या समाजाने ज्ञानावर जातीची आणि बायका-पुरुषांची कुलपं घातली, म्हणून हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं.

पण ऐकून काम संपत नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत, जिला आज आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो, हे सगळं पुन्हा पडताळलं गेलं. गिनीपिगांचे पिंजरे कधी जमिनीलगत ठेवले, कधी दोन फुटांवर टांगले. जमिनीलगतच्यांना प्लेग झाला, टांगलेले वाचले, कारण पिसूची उडी तिथवर पोचत नाही. हवेतून रोग येत असता तर दोन फुटांनी काय फरक पडला असता? पिसूच्या पोटात जंतूंचा गोळा अडकतो आणि चावताना ते बाहेर पडतात, हे कळायला १९१४ उजाडलं. तोवर लाखो माणसं गेली होती.

आजपासून तुमच्या सहीला वजन येईल. कुणी तालुक्याच्या दवाखान्यात असेल, कुणी बँकेत, कुणी शाळेत. टेबलापलीकडचा माणूस जे सांगेल, त्यासाठी तुमच्या फॉर्मात रकाना नसेल. तरी ते लिहून घ्या. आणि लिहून घेतलंत म्हणून खरं मानू नका. पिंजरा दोन फूट वर टांगून बघा.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पुन्हा उंदीर पडले. पिसवा त्रास देताहेत, असं गावकरी सांगू लागले, आणि त्यानंतर गाठी आलेले रुग्ण दिसले. या वेळी कुणाची कौलं उतरवावी लागली नाहीत. घरांत कीटकनाशक मारलं गेलं, रुग्णांना टेट्रासायक्लिन मिळालं. उंदीर पडल्याची खबर आता साथरोगाच्या कामात धोक्याची पहिली सूचना मानली जाते, आणि ती देणारा बहुतेक वेळा गावातलाच कुणीतरी असतो.