पोरीला आधी आपण सांगू

हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे ठेवा. आज आपल्या शाळकरी पोरींबद्दल बोलायचंय.

गेल्या महिन्यात नववी-दहावीच्या मुलींसोबत बसले होते. म्हटलं, नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न लिहा. एकीनं लिहिलं, ‘पहिल्या वेळी दिवस जात नाहीत, हे खरं का?’ दुसरीनं, ‘पाळी झाल्यावर आठ दिवस भीती नसते ना?’ तिसरीनं, ‘ती बहात्तर तासांची गोळी सारखी घेतली तर चालते का?’

पोरी वाईट चालीच्या नाहीत हो. त्यांना विचारायला कुणी नाही. मैत्रीण सांगते, मोबाइल सांगतो, आई तेवढी गप्प.

तर उत्तरं ऐका. पहिल्या वेळीसुद्धा दिवस जाऊ शकतात. कोवळ्या वयात पाळी मागेपुढे होते, म्हणून दिवस मोजण्यावर भरवसा ठेवू नये. बहात्तर तासांची गोळी अडीअडचणीची आहे, नेहमीची नाही. ती जितकी लवकर घ्यावी तितकी बरी, आणि राहिलेला गर्भ तिनं पडत नाही. निरोधनं गर्भ टळतो आणि रोगही टळतात. तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, छाया आणि माला-एन गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. कुणाला काय चालेल ते नर्सताई तपासून सांगतात.

तुम्ही म्हणाल, ‘एवढं सांगितलं तर पोरी बिघडतील.’ माझी आईही असंच म्हणायची. सतराव्या वर्षी माझं लग्न झालं. तांबी म्हणजे काय, ठाऊक नव्हतं. विसाव्या वर्षाच्या आत दोन बाळंतपणं झाली, अंगात रक्त उरलं नाही. न सांगून माझं काय भलं झालं?

आणि हे जुनं झालं असं समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या दर पाच जणींत एकीहून थोड्या जास्तच जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं आढळलं. उद्या सासरी जाणाऱ्या पोरीला हे आज कळायला नको?

सांगताना हेही सांगा, की १८ च्या आत लग्न नाही आणि संबंध कायद्याला मान्य नाहीत. कुणी जबरदस्ती केली तर दोष तिचा नाही. १०९८ वर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.

पाळी चुकली तर पोरीनं पहिलं आईकडे यावं. मार बसेल या भीतीनं ती गप्प राहिली, की दिवस वाढतात, मग चोरून कसल्याबसल्या गोळ्या घेतल्या जातात आणि जिवावर बेततं.

येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की आशाताईंना अर्धा तास बसवून घ्या. आधी आपण शिकू. मग भाकरी थापताना, वेणी घालताना पोरीशी बोलू. लाज वाटेल, पण दोन वाक्यांपुरतीच.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.