मशेरीची डबी

घरातल्या पुरुषांच्या बिडी-काडीवर आपण बैठकीत भरपूर बोलतो. मशेरीचं नाव निघालं की मात्र पदर तोंडावर जातात. ‘ते काय व्यसन आहे का? दात घासायला लागते,’ हे उत्तर ठरलेलं.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखूच. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ सालीच बंदी केली, आणि आपण मात्र ती घरच्या चुलीवर भाजतो. दात घासायचे तर सकाळी एकदा, फार तर रात्री. मशेरी दिवसातून चार-पाच वेळा का लागते?

आमच्या गटातल्या बायकांनी सोडायचं ठरवलं, तेव्हा दोन वाक्यं आडवी आली. ‘लावल्याशिवाय डोकं उतरत नाही’ आणि ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही.’ दोन्ही खोटी नाहीत. तंबाखूतल्या निकोटीनची अंगाला सवय लागली, की ते मिळालं नाही तर डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट जड राहतं. म्हणजे दुखणं मशेरीनंच दिलेलं आणि औषध म्हणून आपण परत तिच्याकडेच जातो. सावकाराचं व्याज फेडायला त्याच सावकाराकडून कर्ज काढल्यासारखं! गटातल्या बाईला हे वेगळं समजवायला लागत नाही.

हे एकदा पटलं की डोकं दुखलं तरी बाई घाबरत नाही. पहिले दोन-तीन दिवस फार जड जातात. पुढं दोन-चार आठवड्यांत त्रास उतरत जातो. तलफ आली तरी तिचा जोर काही मिनिटंच असतो. तेवढा वेळ काढायचा. पाणी प्या, बडीशेप चघळा, शेजारणीला हाक मारा. पोटासाठी सकाळी कोमट पाणी आणि जेवणात पालेभाजी.

बोलणंही बदलून बघा. आमच्या एक मावशी कुणी डबी पुढं केली की म्हणायच्या, ‘नको गं, पोरानं बंद करायला लावलीय.’ चार दिवसांत पुन्हा सुरू. दुसऱ्या खेपेला म्हणू लागल्या, ‘मी मशेरी लावत नाही.’ एवढंच. पोराचा धाक गेला आणि ठरवणाऱ्या त्या स्वतः झाल्या. मधे एका लग्नघरी त्यांनी लावलीही. पण एक हप्ता चुकला म्हणून गट कुणी मोडत नाही, तसंच त्यांनी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा धरलं.

घरात सून गरोदर असेल तर तिच्यासमोर डबी नकोच. मशेरीनं पोटातल्या बाळाचं वजन कमी भरतं.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, तोंड पुरतं उघडत नसेल, तर आधी दवाखान्यात दाखवा. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन मोफत आहे. एकटीला बोलायला संकोच वाटला तर दोघी-तिघी मिळून लावा.