मॉरिशसचे सरकारी गॅझेट आणि त्यातली माणसे

इंग्रजांनी ३ डिसेंबर १८१० रोजी मॉरिशस फ्रेंचांकडून घेतले आणि १८१४ च्या पॅरिस तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. शरणागतीच्या अटींमध्ये रहिवाशांचे कायदे, रूढी आणि धर्म यांना हात लावणार नाही, असे वचन होते. म्हणून राज्य इंग्रजांचे, दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा आणि उसाचे मळे बहुतांशी फ्रेंच घराण्यांचे, असा त्रिवेणी कारभार या बेटावर शतकभर चालला. सरकारी गॅझेटातही तो दिसतो. मजकूर इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये. गव्हर्नर लंडनहून आलेला, पण सरकारच्या सर्वोच्च कायदा-अधिकाऱ्याचे पद मात्र 'प्रोक्युरर जनरल' या जुन्या फ्रेंच नावानेच चालू.

बेटावरच्या कायद्याला 'ऑर्डिनन्स' म्हणत. गव्हर्नरच्या कौन्सिलात तो संमत होई, गॅझेटात छापला जाई आणि त्याची प्रत लंडनच्या वसाहत खात्याकडे रवाना होई. तिथे तो नापसंत ठरला तर रद्द झाल्याची नोटीस पुन्हा त्याच गॅझेटात येई. दरम्यान महिने उलटलेले असत. मॉरिशसला समुद्री तारेची जोडणी १८९३ मध्ये मिळाली. तोवर सगळा व्यवहार जहाजांच्या टपालावर चाले. लंडनने नाकारलेला कायदाही तेवढे महिने बेटावर लागू राहू शकत असे. दूरच्या वसाहतीत गव्हर्नरचा हात लांब असतो तो असा.

नेमणुकांची रीतही ठरलेली होती. गव्हर्नरची नेमणूक राजमुद्रेच्या सनदेने होई. सनद वाचून दाखवायची, शपथ घ्यायची आणि मग जाहीरनामा काढायचा, हा क्रम. त्याखालच्या लहान पगाराच्या जागा गव्हर्नर भरी. मोठ्या पगाराच्या जागेवर त्याने नेमलेला माणूस लंडनची मंजुरी येईपर्यंत हंगामीच राही. एखादा वरिष्ठ रजेवर गेला की त्याच्या जागी दुसरा, दुसऱ्याच्या जागी तिसरा, अशी हंगामी नेमणुकांची माळच लागे. वर्षअखेरीस हे सारे 'ब्लू बुक' नावाच्या वार्षिक तक्त्यात उतरे. पद, पदधारकाचे नाव, नेमणुकीची तारीख, नेमणूक कोणी व कोणत्या हुकमाने केली, वार्षिक पगार, असे त्याचे रकाने असत. तुलनेसाठी मुंबई इलाखा पाहावा. तिथे सुरतसारख्या जिल्ह्याच्या कलेक्टरची नेमणूक मुंबई सरकार करी आणि ती मुंबईच्या सरकारी गॅझेटात छापून येई. पण मुंबई इलाख्यात सरकारी मजकूर मराठी-गुजरातीत उतरवण्यासाठी स्वतंत्र भाषांतरकार होता. मॉरिशसच्या गॅझेटाचे काम इंग्रजी-फ्रेंचवर भागे.

नेमणूक छापली म्हणजे ती मानली गेलीच, असे नव्हते. १८३२ मध्ये जॉन जेरेमी यांना प्रोक्युरर जनरल नेमून पाठवण्यात आले. ते गुलामगिरीचे उघड विरोधक. मळेवाल्यांनी पोर्ट लुईमध्ये बाजार आणि कामकाज बंद पाडले. शेवटी गव्हर्नर कोलव्हिल यांनी जेरेमींना परत पाठवले. पुढच्या वर्षी ते फौजेच्या संरक्षणात पुन्हा आले, पण न्यायाधीशांशी त्यांचे जमेना आणि तेव्हाही त्यांना बेट सोडावे लागले. कागदावर नेमणूक राजाची होती, पण बेटावर शब्द मळेवाल्यांचा चालत होता. गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी कायद्याने संपली तेव्हा याच मळेवाल्यांना सुमारे २१ लाख पौंड नुकसानभरपाई मिळाली. मुक्त झालेल्यांना त्यातला छदामही मिळाला नाही.

मळ्यांना हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन आले आणि गिरमिटियांची, म्हणजे कराराने बांधलेल्या मजुरांची, मालिका सुरू झाली. मजुरांची फसवणूक आणि हाल यांचा बोभाटा झाल्यावर हिंदुस्थान सरकारने ही भरती बंद केली. १८४२ मध्ये ती मॉरिशसपुरती पुन्हा खुली झाली तेव्हा कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तीन बंदरे ठरवून देण्यात आली. त्याच वर्षी मॉरिशसमध्ये स्थलांतरितांच्या संरक्षकाचे नवे पद निर्माण झाले. पहिले संरक्षक चार्ल्स अँडरसन. बेटाच्या नेमणुकांत मजुरांच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची. मजूर उतरवून घेणे, करार नोंदणे, तक्रार ऐकणे ही सारी कामे या कचेरीची. संरक्षक कोण, यावर कायद्याचा अर्थ ठरे. मळ्यावर मजुरांच्या डोक्यावर 'सरदार' असे. एक दिवस गैरहजेरी झाली तर दोन दिवसांची मजुरी कापण्याची मुभा मालकाला होती. त्याविरुद्ध दाद मागायची ती संरक्षकाकडे किंवा जिल्ह्याच्या पगारी मॅजिस्ट्रेटकडे, आणि तिथवर पोचण्यासाठी मळ्याबाहेर पाऊल टाकले की तीही गैरहजेरी ठरण्याची भीती.

नोटिशीतल्या एका हुकमाने किती माणसांचे प्राण जाऊ शकतात, हे १८५६ मध्ये दिसले. कलकत्त्याहून आलेल्या 'हैदरी' आणि 'फत्ते मुबारक' या जहाजांवरच्या प्रवाशांना पटकीच्या भीतीने क्वारंटाइनसाठी उत्तरेकडच्या लहान ओसाड बेटांवर उतरवण्यात आले. पुरेसा निवारा नाही, पाणी नाही. दोनशेहून अधिक माणसे तिथेच मेली. हिंदुस्थान सरकारने काही काळ मॉरिशसची भरतीच थांबवली. साखरेचे भाव चढे असताना मजूर बंद होणे मळेवाल्यांना परवडणारे नव्हते, तेव्हा सोयी सुधारण्याचे हुकूम निघाले. दया उशिरा आली, पण हिशेब वेळेवर आला.

मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या कलकत्ता-मद्रासच्या मानाने थोडी, पण आजचा मॉरिशसचा मराठी समाज त्यांच्यातूनच उभा राहिला. त्यात कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची माणसे होती. ही माणसे गॅझेटाच्या नेमणुकांत सापडत नाहीत. ती सापडतात संरक्षकाच्या कचेरीच्या नोंदवह्यांत. प्रत्येकाला एक क्रमांक. मग नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, गाव आणि जहाज. ऐकलेले नाव कारकून आपल्या कानाप्रमाणे उतरवी. कारकुनाच्या हाती बापाचे नाव नातवंडांचे आडनाव झाले आणि शेवटचा 'जी' कायमचा चिकटला.

१८६१ च्या शिरगणतीत बेटावरच्या वस्तीत निम्म्याहून बरेच अधिक लोक हिंदी होते. त्यांतले कित्येक करार संपवून सुटे झालेले. मळेवाल्यांना नेमकी त्यांचीच धास्ती. १८६७ च्या ३१ क्रमांकाच्या ऑर्डिनन्सने प्रत्येक 'जुन्या' स्थलांतरिताला फोटो लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास बाळगणे सक्तीचे केले. बेटाचे नऊ जिल्हे. आपला जिल्हा सोडायचा तर परवानगी हवी. कागद जवळ नसला की भटक्या म्हणून अटक. हा ऑर्डिनन्स संरक्षक बेट्स यांच्या काळातला. संरक्षणासाठी निर्माण केलेले पद पंचवीस वर्षांत पहाऱ्याचे झाले होते.

याविरुद्ध उभा राहिला तो पॅरिसमध्ये जन्मलेला एक मळेवाला, अ‍ॅडॉल्फ द प्लेविट्झ. त्याने १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या स्थलांतरितांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांच्यापुढे ठेवला. बदल्यात त्याला पोर्ट लुईच्या रस्त्यावर मार खावा लागला. पण पुढच्याच वर्षी शाही चौकशी आयोग नेमला गेला. त्याचे एक सदस्य विल्यम एडवर्ड फ्रेअर हे मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतले. आयोगाचा अहवाल १८७५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १८७८ च्या नव्या मजूर कायद्याला त्याचाच आधार होता.  

१८८५ च्या राज्यघटनेने कौन्सिलात निवडून आलेले दहा सदस्य आले, पण मतदानाला मालमत्तेची आणि उत्पन्नाची अट होती, त्यामुळे हिंदी लोक जवळजवळ बाहेरच राहिले. १८८६ मध्ये ज्ञानाधिकारयन अर्लांडा यांची सरकारनियुक्त सदस्य म्हणून नेमणूक झाली आणि कौन्सिलावर पहिला हिंदी माणूस बसला. गिरमिटियांची भरती १९१० पर्यंत चालली; तोवर सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर उतरली होती. त्यांच्या नोंदवह्या आता मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. भारताने मार्च २०२४ मध्ये मॉरिशसच्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डाची वाट खुली केली. त्यासाठी पूर्वज सिद्ध करायचा, तर तो याच वह्यांतल्या क्रमांकावरून शोधला जातो.