नाणेघाटापलीकडची मलय तारवे

(जुन्नर येथे जुन्नर-आंबेगाव परिसरातील श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



आपल्यापैकी बहुतेकांनी नाणेघाट पाहिला आहे. तेथे देवी नागनिकेचा शिलालेख आहे आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही आहे. घाटमाथ्यावरचा माल याच वाटेने उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत जाई. हा घाट ज्या सातवाहनांचा, त्यांचे राज्य पुढे पूर्व किनाऱ्याला भिडले आणि यज्ञश्री सातकर्णीने आपल्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरविले.

इथवर ऊर भरून येतो, आणि तो यावाच. पण पुढचे वाक्य आपण फार सहज उच्चारतो : ‘आमच्या जहाजांनी सुवर्णभूमीला संस्कृती नेली.’ मीही ते अनेक व्यासपीठांवरून बोललो आहे. जहाजे सगळी आमचीच होती काय?

पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ पूर्व किनाऱ्यावरून सुवर्णभूमीकडे जाणाऱ्या प्रचंड जहाजांना ‘कोलांदिया’ म्हणतो. ती मलय द्वीपसमूहातील असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. त्यांची बांधणीच निराळी. आपले कारागीर फळ्यांना भोके पाडून त्या काथ्याने शिवत. मलय सुतार फळी तासतानाच तिच्या आतल्या अंगाला उंचवटे राखी, त्यांना आरपार भोके पाडी आणि ताडाच्या जातीच्या झाडाच्या काळ्या तंतूंनी फळी आतील फासळ्यांना आवळी. फळ्या एकमेकींशी लाकडी खुंट्यांनी जोडी. लोखंडी खिळा नाहीच! मलाया द्वीपकल्पात पोंतियान येथे अशा बांधणीच्या नौकेचे अवशेष मिळाले. त्यांचा काळ तिसरे ते पाचवे शतक.

चिनी भिक्षू इत्सिंग ६७३ साली ताम्रलिप्तीला उतरला, तो श्रीविजयच्या राजाच्या जहाजातून. नालंदेचा हा विद्यार्थी आपल्या दारी आणला मलय राजाने. उलट, पाचव्या शतकातील ‘महानाविक बुद्धगुप्त’ याचा संस्कृत लेख मलायात सापडला आहे. म्हणजे ये-जा दुतर्फा होती. मलय भाषेत जहाजाला ‘बाहतेरा’ म्हणतात, तो आपला ‘वहित्र’. त्यांचा ‘नाखोदा’ आणि आपल्या कोळ्यांचा ‘नाखवा’ मात्र दोघांनीही फारसीतून घेतले!

पुढे आपल्या समाजाच्या मोठ्या भागाने सिंधुबंदीची बेडी स्वतःच्याच पायात ठोकून घेतली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी तिची गणना सात स्वदेशी बेड्यांत केली, ती उगाच नव्हे. तिकडे सुलावेसी बेटावरचे सुतार आजही किनाऱ्यावर लाकडी ‘पिनिसी’ उभी करतात. २०१७ मध्ये युनेस्कोने त्या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्याला मात्र शिवलेले जहाज पुन्हा उभारताना अजिंठ्याच्या भिंतीवरचे चित्र समोर ठेवावे लागले. गोव्यात बांधलेली ती नौका मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली.

तिचे नाव ‘कौंडिण्य’. फुनानला पोचलेल्या या भारतीय वीराची कथा चिनी ग्रंथांत आहे. त्या कथेत त्याचे जहाज दिसताच तिथली राणी ते लुटायला निघते, आणि निघते ती स्वतःच्या नौकेतून.